त्रिफुलीवरची तांबडी

अंधश्रद्धेला मी भीक घालत नाही. (गेली अकरा वर्षं माझं प्रत्येक भाषण याच वाक्याने सुरू होतं, त्यामुळे इथेही सवयीने लिहून गेलो. शेवटपर्यंत वाचून झालं की तुम्हीच ते खोडून टाका.)

मी खंडेराव बोरस्ते. दिवसा एका सरकारी कार्यालयात आवक-जावक विभागात वरिष्ठ लिपिक आणि संध्याकाळी 'विवेक-विचार मंडळ, मखमलाबाद' याचा सचिव. मंडळाचे अध्यक्ष मुलाकडे पुण्याला राहायला गेलेत आणि खजिनदाराला करण्यासारखं काही काम नाही, त्यामुळे मंडळ म्हणजे मीच. मांजर आडवं गेलं तर मी मुद्दाम दोन पावलं जोरात टाकतो. घराबाहेर पडताना कुणी 'कुठे?' म्हणून हटकलं तरी थांबत नाही. (योगिनीने हटकलं तर थांबतो. पण ती अंधश्रद्धा नव्हे, तो संसार आहे.)

तर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी दूध आणायला स्कूटरवर निघालो. आमच्या कॉलनीच्या टोकाला तीन रस्त्यांची त्रिफुली आहे. तिथे एक जुना कडुनिंब आहे. रस्ता रुंद करताना तो कसा कोण जाणे वाचला, आणि आता थेट डांबराच्या कडेला उभा आहे. त्या कडुनिंबाखाली मला कोंबडी दिसली.

साधीसुधी नाही. तांबूस रंगाची, पायाला सुतळी, सुतळी झाडाला. डोकं हळदीने पिवळंधमक. एका पंखावर लालभडक पट्टा. खाली कडुनिंबाचा पाला अंथरलेला आणि समोर वाडग्यात दहीभात.

आता तुम्हीच सांगा. आदल्या दिवशी अमावास्या. जागा त्रिफुलीची. हळद, कुंकू, दहीभात. आणखी पुरावा म्हणजे कोंबडीच्या गळ्यात 'मी उतारा आहे' अशी पाटीच हवी होती. माझ्या पुढे एक दूधवाला होता, तो तिच्याकडे बघून गाडी पार पलीकडच्या कडेने घेऊन गेला. ते बघितलं आणि माझ्यातला सचिव जागा झाला.

गणपतीतल्या रविवारी आमच्या कॉलनीच्या मंडपात माझं व्याख्यान ठरलेलं होतं. विषय : 'उतारा : भीती कोणाची?' बावीस पानं लिहून तयार होती. फक्त टाळ्या कुठे पडणार ते कळत नव्हतं. म्हटलं, ही कोंबडी घरी न्यायची. तिची अंडी खायची. आणि रविवारी भर मंडपात जाहीर करायचं, 'बंधुभगिनींनो, ही पाहा ती उताऱ्याची कोंबडी! आणि हा पाहा मी, धडधाकट!' टाळ्यांचा कडकडाट मला तिथेच, त्रिफुलीवर ऐकू आला. मी सुतळी सोडली, कोंबडी दुधाच्या पिशवीत घातली आणि माघारी वळलो.

अडचण एकच होती, योगिनी. माझी बायको देवभोळी वगैरे नाही, पण ती 'कशाला विषाची परीक्षा' या पंथाची आहे. त्रिफुलीवरची कोंबडी म्हटल्यावर तिने कोंबडीला आणि मला एकाच दारातून बाहेर काढलं असतं. म्हणून मी मागच्या अंगणात गुपचूप तिच्याच शांपूने कोंबडीचं डोकं आणि पंख खसाखसा धुतले. हळद गेली, लाल रंग पुसट झाला. तुऱ्यावर बारीक ठिपके राहिले, ते मी हळदीचे डाग समजलो. मग मी आवाज दिला.

"अगं, बाहेर ये, गंमत बघ!"

योगिनी आली. तिने कोंबडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, पिशवीकडे बघितलं.

"दूध कुठंय?"

"कोंबडी आणलीय."

"ते दिसतंय. चहा काय तिच्यात करू?"

"अगं, गावरान आहे! दिंडोरीकडचा एक शेतकरी भेटला रस्त्यात. ओळखीचा. आग्रहाने दिली. रोज ताजं अंडं!"

"ओली का आहे?"

"दिंडोरीला पाऊस आहे," मी म्हणालो. (एक खोटं पचवायला दुसरं लागतं म्हणतात. मला पहिल्या पाच मिनिटांतच तीन लागली.)

पण योगिनीचा चेहरा खुलला. तिचं लहानपण शेतात गेलेलं. तिने जुन्या खोक्यात गोणपाट घातलं, कोंबडीच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "गुणाची दिसते हो." लग्नानंतर तेवीस वर्षांत मी आणलेल्या कुठल्याही वस्तूला ती असं म्हणालेली नाही.

श्रावण नुकताच संपला होता. दुसऱ्या दिवशी कोंबडीने अंडं घातलं. त्याची पोळी करून आम्ही दोघांनी अर्धी अर्धी खाल्ली. मी प्रत्येक घासाला मनात व्याख्यान देत होतो. तिसऱ्या दिवशी दुसरं अंडं मिळालं, आणि त्याच सकाळी दारात कुसाबाई आली.

कुसाबाईचा मळा आमच्या कॉलनीला लागून आहे. म्हणजे खरं तर आमची कॉलनीच तिच्या दिराच्या मळ्यावर उभी आहे. रोज सकाळी ती पाटीत मेथी, कोथिंबीर आणि शेवंती घेऊन येते. त्या दिवशी पाटी खाली ठेवली आणि पायरीवर बसूनच राहिली.

"काय झालं, कुसाबाई?" योगिनीने विचारलं.

"काय सांगू ताई. माझी कोंबडी गेली. मुंगसानं नेली बघा. एक पीस बी ठेवलं नाय मेल्यानं. लय जीव व्हता माझा तिच्यावर. माझ्यामागं मळाभर हिंडायची."

आता मी तुम्हाला शपथेवर सांगतो, माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. तिची कोंबडी मुंगसाने नेलेली, माझी उताऱ्याची. दोन्हींचा संबंध काय? उलट मी पुढे होऊन तिला पाच मिनिटं मुंगसाच्या सवयींवर माहिती दिली.

"आमच्याकडेही एक आणलीय ह्यांनी," योगिनी म्हणाली. "दिंडोरीहून."

"सांभाळा ताई. मुंगूस लय माजलंय."

योगिनीला राहवलं नाही. तिने आत जाऊन ते दुसरं अंडं आणलं आणि कुसाबाईच्या हातात ठेवलं. कुसाबाईने ते उलटसुलट करून पाहिलं. "माझी बी अश्शीच मोठी अंडी घालायची," ती म्हणाली आणि पदराने डोळे पुसून निघून गेली. मला तेव्हा काहीतरी टोचायला हवं होतं. टोचलं नाही. मी आत जाऊन व्याख्यानाचं तेविसावं पान लिहायला घेतलं.

चौथ्या दिवशी कोंबडी उठेना.

तुऱ्यावर काळपट फोड आले होते, चोचीच्या कडेला खपल्या. एक डोळा सुजून बंद. ज्वारी टाकली, तिने मान फिरवली. तांदूळ टाकले, तेही नकोत. खोक्याच्या कोपऱ्यात पिसं फुगवून ती बसली आणि उघड्या डोळ्याने माझ्याकडे बघत राहिली. मी जागा बदलली तर तो डोळाही माझ्यामागे फिरला.

चतुर्थीची सुट्टी, म्हणून मी जनावरांच्या डॉक्टरांना घरीच फोन लावला.

"कोंबडी आजारी आहे. तुऱ्यावर फोड आलेत."

"किती दिवसांची? कुठून आणली?" पलीकडून डॉक्टरांनी विचारलं.

"कुठून म्हणजे?"

"म्हणजे कोणाकडून घेतली? त्याच्याकडच्या बाकीच्या कोंबड्यांना आहे का? मालकाचं नाव सांगा."

मागे योगिनी उभी होती. मी 'राँग नंबर' म्हणून फोन ठेवला. (फोन मीच लावला होता, हे ठेवल्यावर लक्षात आलं.)

आणि त्याच दुपारी योगिनीनेही अंथरूण धरलं. कपाळाला पट्टी, डोळे मिटलेले, मधूनच उठून मोरीकडे धाव. कारण तुम्ही ओळखलं असेल. आदल्या दिवशी हरतालिका होती, तिने थेंबभर पाणी घेतलं नव्हतं, आणि दर वर्षी हरतालिकेच्या दुसऱ्या दिवशी तिचं पित्त असंच उसळतं. हे मला तेवीस वर्षं ठाऊक आहे. पण त्या दुपारी मला फक्त ती अंड्याची पोळी दिसत होती. अर्धी तिने खाल्ली होती. माझ्या हाताने आणलेल्या, त्रिफुलीवरच्या, कुणाची तरी पीडा उतरवून टाकलेल्या कोंबडीच्या अंड्याची.

"अहो, असं काय बघताय? पित्त आहे," ती डोळे न उघडताच म्हणाली.

"हो. पित्तच." मी म्हणालो.

सांगायला लाज वाटते, पण सांगतो. मी घाबरलो. अकरा वर्षं लोकांना 'कार्यकारणभाव, कार्यकारणभाव' म्हणून ओरडून सांगणारा मी, मोरीतून ओकारीचा आवाज आला की दाराशी धावत होतो. मनात एकच घोकणं चाललं होतं : मला काय व्हायचं ते होऊ दे, हिने काय केलंय?

दुसऱ्या दिवशी ती उठून बसली होती, पण माझी भीती काही बसली नव्हती. विचार केला. आवक-जावक विभागातला माणूस मी. चुकीच्या पत्त्यावर आलेलं टपाल आपण काय करतो? साभार परत पाठवतो. कोंबडी जिथून आणली तिथे, जशी होती तशी ठेवून यायची. पण नुसती ठेवून चालेल का? उतारा पुन्हा उतरवावा लागत असेल तर?

विधी मला कुणाला विचारायची गरज नव्हती. अकरा वर्षं विरोध करून करून तो तोंडपाठ झाला होता. तरी चूक नको म्हणून मी माझंच व्याख्यान काढलं. पान नऊ : 'उतारा काढण्याची खुळचट पद्धत.' पेन्सिलने खुणा केल्या आणि एक एक जिन्नस जमवला. दहीभात, हळद, लिंबू, नारळ. नारळ देवघरातला, वाळलेला होता.

दिवेलागणीला योगिनी आरतीला मंडपात गेली. मी कोंबडीच्या डोक्याला हळद फासली, (शांपूने धुतलेली जागा पुन्हा पिवळी करताना फार चमत्कारिक वाटलं) तिला पिशवीत घातलं आणि त्रिफुली गाठली. आजूबाजूला कुणी नव्हतं. कोंबडी झाडाला बांधली. पाला ओरबाडून खाली अंथरला. दहीभात ठेवला. नारळ आणि लिंबू हातात घेऊन तिच्यावरून सात वेळा ओवाळलं. (पान नऊवर 'आजारी माणसावरून' असं लिहिलंय, पण योगिनीवरून ओवाळायची सोय नव्हती.) आणि मग अगदी हळू, स्वतःलाही ऐकू येणार नाही इतक्या हळू म्हणालो, "योगिनीला सोड. माझी चूक आहे."

कोंबडीने एका डोळ्याने माझ्याकडे पाहिलं. आजारी जिवाला असं रस्त्यावर टाकून चाललोय याची मला त्या क्षणी एवढी शरम वाटली की पाय उचलेना. तरी उचलला. पान नऊ, शेवटची ओळ : 'परतताना मागे वळून पाहायचं नाही, अशीही एक भाकड समजूत आहे.'

दहा पावलं गेलो असेन.

"सायेब!"

कुसाबाईचा आवाज. मी वळलो नाही. चालत राहिलो.

"ओ सायेब! बोरस्ते सायेब!"

मी चाल वाढवली. मान ताठ, नजर समोर. कानावर पडत नसल्याचा अभिनय पाठमोरा करायचा म्हणजे काय असतं ते मला विचारा.

"अगं बया! माझी तांबडी!"

आता मात्र मान आपोआप वळली. कुसाबाई मळ्यातली मोटार बंद करायला आली होती, ती त्या झाडाखाली फतकल मारून बसली होती आणि कोंबडी तिच्या मांडीवर होती. कोंबडी कण्हल्यासारखा बारीक आवाज काढून तिच्या पदरात डोकं खुपसत होती. माझ्याकडे चार दिवसांत तिने असा आवाज एकदाही काढला नव्हता.

"तुमची कोंबडी?" माझ्या तोंडून निघालं. "पण... तिला तर मुंगसाने..."

"तसंच वाटलं मला! हितंच बांधली व्हती तिला. डाक्टर म्हनले, कोंबड्यांची देवी हाय, दुसरीला लागंल, लांब बांधा. हळद-तेल लावा, पाला अंथरा, तोंड आलंय तर मऊ दहीभात द्या. म्हनून हितं बांधली."

"हितं? रस्त्यावर?"

"झाड आमचंच हाय सायेब. रस्ता मागनं आला."

मी पंखाकडे बोट दाखवलं. "आणि पंखावर ते कुंकू..."

"कुंकू कुठलं? हिंगूळ. पोळ्याला बैलाच्या शिंगांना लावून उरला, तर लावला खुणंला. जावेच्या कोंबड्या बी तांबड्याच हायत ना."

म्हणजे उतारा नव्हता. डॉक्टर होता, औषध होतं, पथ्य होतं, आजारी जनावर वेगळं ठेवायची अक्कल होती. त्या त्रिफुलीवर अकरा वर्षांत जी काय वैज्ञानिक दृष्टी दिसली असेल ती कुसाबाईची होती. मी फक्त कोंबडी चोरली होती. शिवाय तिचं औषध शांपूने धुतलं होतं, आणि तिच्याच कोंबडीचं अंडं तिला दान केलं होतं.

हे सगळं तिथेच सांगून टाकायला हवं होतं. मी तोंड उघडलं. तेवढ्यात तिने हात जोडले.

"तुमी सापडवून आनली, सायेब! हळद लावली, दहीभात आनला, जाग्यावर बांधली बी. कोन करतं हो एवढं दुसऱ्याच्या कोंबडीसाठी? देवमाणूस तुमी."

"हॅ हॅ. त्यात काय... माणुसकी," मी म्हणालो. (आयुष्यात अनेक लाजिरवाणी वाक्यं बोललोय. हे पहिल्या नंबरला ठेवा.)

"पन सायेब, नारळ कशाला?"

"नारळ? पाणी पाजायला. ताकद येते."

"आन् लिंबू?"

"क जीवनसत्त्व."

"असंय व्हय," कुसाबाई म्हणाली आणि कोंबडी उराशी धरून मळ्यात गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मेथीच्या दोन जुड्या आणि मूठभर शेवंती घेऊन दारात आली. काही केल्या पैसे घेईना. पायरीवर उभं राहून तिने सगळा प्रकार योगिनीला सांगितला. दहीभात, हळद, लिंबू, नारळ, एकही जिन्नस गाळला नाही. मी आत पेपर वाचत होतो. पेपर उलटा होता, हे नंतर कळलं.

कुसाबाई गेली. योगिनी आत आली आणि देवघरासमोर थोडा वेळ उभी राहिली.

"माझा नारळ कुठे गेला ते कळलं," ती म्हणाली. "आता दिंडोरीचा शेतकरी कुठे गेला ते सांगा."

मी सगळं सांगितलं. काहीही लपवलं नाही. शेवटी म्हणालो, "मला वाटलं, ते अंडं तुला बाधलं. मी फार घाबरलो गं."

क्षणभर तिचा चेहरा मऊ झाला. "माझ्यासाठी केलंत?"

"हो."

"पित्तावर? नारळ?" मग ती हसायला लागली ती हसतच सुटली, आणि मधूनच थांबून एकदम गंभीर झाली. "माझ्याशी खोटं बोललात ते मी बघून घेईन. पण ती बाई चार दिवस कोंबडीसाठी रडत होती आणि काल तुम्ही तिच्याकडून देवमाणूस म्हणवून घेतलंत. मेथीसुद्धा फुकट आली. रविवारी मंडपात मी तिला पुढच्या खुर्चीत बसवणार आहे. काय बोलायचं ते तुम्ही ठरवा."

रविवारी मंडप भरला होता. पुढच्या खुर्चीत नवी साडी नेसून कुसाबाई, शेजारी योगिनी. मी तेवीस पानं टेबलावर ठेवली आणि 'अंधश्रद्धेला मी' इथपर्यंत आलो. पुढचं वाक्य फुटेना. मग पानं उलटी करून ठेवली आणि जसं झालं तसं सांगितलं. चोरी, शांपू, पान नऊ, सात वेळा ओवाळणं, मागे न बघता पळणं. नारळपाण्यापर्यंत आलो तेव्हा मागच्या रांगेतला एक जण खुर्चीवरून खाली पडला. इतकी दाद मला अकरा वर्षांत मिळाली नव्हती, आणि मला मात्र धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं.

"कुसाबाई, मला माफ करा," मी म्हणालो. "मी देवमाणूस नाही. मी तुमच्या कोंबडीचा चोर आहे."

कुसाबाई जागेवरूनच म्हणाली, "ठावं हाय मला."

"कधीपासून?"

"त्याच सांजंपास्नं. वाळक्या नारळात कुठलं आलंय पानी?"

"मग बोलला का नाही तुम्ही?"

"काय बोलू? तुमचे हात लटलटा कापत व्हते. मला वाटलं, सायबाच्या घरात काय मोठं संकट आलंय की काय. भ्यालेल्या माणसाला का कुनी बोलतं? म्हटलं, कोंबडी भेटली, झालं."

मी मान खाली घातली. ती मान खरं सांगायचं तर अजून पुरती वर आलेली नाही.

तांबडी बरी झाली. खपल्या पडल्या, डोळा उघडला, ती पुन्हा कुसाबाईच्या मागे मळाभर हिंडते. मला बघितलं की मात्र ओरडत पळते. पण गेल्या आठवड्यात कुसाबाईच्या दुसऱ्या कोंबडीला तोच आजार झाला. सकाळी दूध आणायला निघालो तर त्रिफुलीवर कडुनिंबाखाली कोंबडी बांधलेली. डोक्याला हळद, खाली पाला, समोर दहीभात. आणि या वेळी गळ्यात पुठ्ठ्याची पाटीसुद्धा होती : 'औषध चालू आहे. उतारा नाही. साहेबांनी उचलू नये.'

कुसाबाईला लिहिता येत नाही. अक्षर योगिनीचं होतं.